खाली पाहू नकोस

सालामांसाला वारा सुटला की होड्या वाळूवर पालथ्या,
आणि होड्या पालथ्या म्हणजे आमच्या घमेल्यांना सुट्टी.
अशाच एका सोमवारी इवांद्रूनं चार बाटल्यांत वाळू भरली,
किनाऱ्यावर ओळीनं रोवल्या
आणि आम्हा मासळीवाल्यांना म्हणाला, चपला काढा.
वय वीस. याचं शेंबडं नाक मी माझ्या एप्रनला पुसलेलं आहे.
आता गळ्यात शिट्टी आहे, म्हणून ऐकायचं.

पहिल्या दिवशी मी अंगठ्यानंच हाणला.
चेंडू झुल्मिराच्या बकरीकडे,
आणि नख काळंनिळं होऊन गेलं ते अजून आलेलं नाही.
"अंगठा नाही, दुल्सेलिना मावशी. ही बाजू."
वाकून त्यानं बोट लावलं,
घोट्याच्या खाली, आतल्या अंगाला,
जिथं तळवा कमानीसारखा उचलला जातो.
शेहेचाळीस वर्षांत त्या जागेचं कधी काम पडलं नव्हतं.
ओल्या वाळूतसुद्धा तिचा ठसा उमटत नाही.

मग थांबवणं.
"मारता कुणालाही येतं. आधी घ्यायला शिका."
पाय भिंतीसारखा धरला तर चेंडू उसळून परत जातो,
तेव्हा तो पोचता पोचता पाय जरा मागं घ्यायचा,
आत उघडणारं दार पाहुण्याबरोबर मागं सरतं तसा.
तान्या म्हणाली, माझ्या दारातून आत आलेले सगळे बाहेरच गेले.
पण सर्वांत आधी चेंडू निजला
तो तिच्याच पायाशी.

"आता बाटल्यांमधून. छोटे छोटे स्पर्श.
आणि खाली पाहू नका, मान वर!"
आम्ही हसत सुटलो.
अरे बाळा,
डोक्यावर वीस किलो बांगडा घेऊन
मिंडेलोचा उतार उतरताना
पायांकडे कोण पाहतं?
पाहिलं की मासे रस्त्यावर.
फरशीची फट, कुत्र्याचं शेपूट,
ग्रोग पिऊन पडलेल्याचा लांबवलेला पाय,
हे सारं तळव्यांना कळतं, डोळे असतात खिडक्यांवर,
कुठून कोण हाक मारतंय.
चारी बाटल्यांतून गेले मी. एक पडली, ती वाऱ्यानं.
मी तरी वाऱ्यानं म्हणते.
इवांद्रू शिट्टी वाजवायची विसरला.

अडलं ते डोक्यापाशी.
"कपाळानं, मावशी. टाळूनं नाही. डोळे उघडे."
माझ्या टाळूवरचे केस चुंबळीखाली कधीच गेले.
येईल ते वर घ्यायचं, तोलायचं, सांडू द्यायचं नाही,
या मानेला एवढंच ठाऊक.
चेंडू आला की मी त्याच्याखाली जाऊन उभी राहायची,
आणि हात आपोआप वर, काठ धरायला.
"हँडबॉल!" पोरगं ओरडायचं.
"ठेवायचा नाही, द्यायचा!
त्याच्याकडे जा आणि देऊन टाक!"

देऊन टाक. म्हणायला काय जातं.

त्या दिवशी सहाराची धूळ आली होती,
आभाळ पिठासारखं, समुद्र कुठं संपतो कळत नव्हतं.
चेंडू त्यातून उशिरा दिसला,
इतका उशिरा की विचार करायला वेळच नाही.
कपाळ पुढं गेलं. ठण्ण.
चेंडू थेट झुल्मिराच्या पुढ्यात,
आणि माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं.
कितीतरी वेळ काहीच नव्हतं.
मी हातानं चाचपून पाहिलं.

रात्री रॉटरडॅमहून आडेरितोचा फोन.
इथं असताना संघात होता तो, सामने शनिवारी दुपारी.
शनिवारी दुपारी घमेलं रिकामं होत नसे,
एकही सामना पाहिला नाही मी.
तो विषय तोही काढत नाही, मीही नाही.
इकडचं तिकडचं झालं, थंडीचं, पैशांचं.
मग म्हटलं, आज लांबून आलेला एक चेंडू थांबवला.
पलीकडं जरा शांतता.
"कुठल्या पायानं, आई?"

आठवेना.
फोन कानाला तसाच धरून
खाली पाहावं लागलं.